मूर्तीच्या रंगाची चर्चा होते, रंगाऱ्याच्या श्वासाची कधी?



गणेशोत्सव जवळ आला की शाडू की पीओपी हा वाद वृत्तपत्रांतून रंगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे सुधारली. नद्या-तलावांसाठी ते हवेच होते. पण विसर्जनाच्या कितीतरी आठवडे आधी तोच रंग कारागिराच्या छातीत जात असतो, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

पेण, हमरापूर, जोहे परिसरात गणपतीचा कारखाना म्हणजे पुष्कळदा घराची पडवी, मागची खोली किंवा अंगणातली शेड. रंगकामाचा जोर ऐन पावसाळ्यात. ओल येऊ नये, ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून चहूबाजूंनी प्लास्टिक लावायचे आणि आत कंप्रेसर सुरू करून गन चालवायची. अंगाचा रंग पाण्यातला असला तरी त्याचे तुषार नाकात जातातच. सोनेरी रंगाला किंवा लॅकरला थिनर वापरले की वाफेची भर पडते. भिंतीपलीकडे घरातली मुले झोपलेली असतात.

‘रुमाल बांधतो की’ हे नेहमीचे उत्तर. रुमाल सोडा, एन-95 मास्कसुद्धा फक्त कण अडवतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आत जाते. तिच्यासाठी सक्रिय कोळशाचे काडतूस बसवलेला मास्क लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकला आहे. म्हणजे धोका ऐकीव नाही.

दुसरे उत्तर, ‘पंखा लावलाय’. भिंतीत उंचावर बसवलेला स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट फॅन इथे कामाचा नाही. तो वाफ रंगाऱ्याच्या तोंडासमोरून ओढत वर नेतो. शिवाय थिनरमध्ये बहुधा असणाऱ्या टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. बंद खोलीत ती डब्याभोवती, जमिनीलगत साचते. हवेत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या थोडे वर गेले तरी एका ठिणगीने भडका उडू शकतो, आणि साध्या पंख्याची मोटर नेमकी त्याच हवेच्या वाटेत असते.

घरगुती मूर्तींसाठी करता येण्यासारखी सोय अशी: तीन बाजूंनी बंद खोका, मागच्या बाजूला तुषार अडवणारी जाळी, तिच्यामागे मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला ब्लोअर. खोक्याच्या तोंडातून मिनिटाला साधारण 100 फूट वेगाने हवा आत ओढली जावी, हा स्प्रे बूथचा प्रचलित मापदंड. तोंड 3 फूट बाय 2 फूट असेल तर मिनिटाला 600 घनफूट हवा, आणि तीही जाळी व पाइपचा अडथळा धरून. पाइप गुळगुळीत, आखूड, कमी वळणांचा आणि छपराच्या वर सोडलेला हवा. शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे. सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते आत येणाऱ्या हवेकडे. प्लास्टिकने खोली हवाबंद केली तर ब्लोअर ओढणार काय? समोरच्या बाजूला जाळी लावून वाट ठेवलीच पाहिजे. मोठ्या मूर्ती खोक्यात मावणार नाहीत. त्या आरपार वारा असलेल्या शेडमध्येच, मास्क लावून रंगवाव्यात.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. हंगामावर वर्ष काढणाऱ्या कुटुंबाला ‘ब्लोअर घ्या’ म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. कारखान्यांचा कायदा ठरावीक संख्येहून जास्त कामगार असतील तिथेच लागू होतो, त्यामुळे घरातल्या चार-पाच हातांकडे तपासायला कोणी येत नाही. मात्र पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकार आहेत, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे, प्रशिक्षणही आहे. त्या अवजारांत काडतुसाचा मास्क आणि ब्लोअर घाला. प्रशिक्षणाचा एक दिवस हवा खेळवण्याच्या व्यवस्थेला द्या. आणि हे काम पुढच्या हंगामाची रंगाची पहिली गन सुरू होण्याआधी जिल्हा प्रशासनाने मूर्तिकारांच्या संघटनांना सोबत घेऊन करावे.

– एक वाचक, पेण