खिशातील विस्तव

अचलपूर आणि परतवाडा या जोडशहरांच्या बाजारपेठेत आगीचे भय नवे नाही. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. रुईच्या गाठी, सरकीचे ढीग, कापडाचे ठाण आणि तेलाचे डबे यांत ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्या घराण्यांना ठिणगीचे मोल सांगावे लागत नाही. दुकान वाढविताना देवापुढचा दिवा शांत झाला का, विजेचा मुख्य खटका खाली केला का, हे पाहूनच कुलूप लावण्याची शिस्त जुन्या मंडळींनी घालून दिली. आग बाहेरून येते आणि ती दिसते, असे त्या शिस्तीमागचे गृहीतक होते.

गेल्या काही वर्षांत हे गृहीतक बदलले आहे. आता विस्तव दुकानात आणि घरात खिशातून येतो, आणि तो दिसत नाही. मोबाइल, पॉवर बँक, कानातले ब्लूटूथ, मुलांची खेळणी, टॉर्च, गळ्यात अडकवायचा पंखा, अंगणातील ई-स्कूटर या सर्वांच्या पोटात लिथियम-आयन बॅटरी असते. याच पंक्तीत एक वस्तू चोरपावलांनी येऊन बसली आहे. ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट, जिला तरुण मुले ‘व्हेप’ म्हणतात. तिच्यातील निकोटीनविषयी बरेच लिहिले जाते. तिच्यातील बॅटरीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

लिथियम-आयन सेलची रचना समजून घेतली की धोका कोठे आहे हे आपोआप कळते. सेलमध्ये धन आणि ऋण अशा दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा अत्यंत पातळ पडदा असतो. भोवती ज्वलनशील द्रव असतो. पडदा फाटला, वितळला किंवा बाहेरून दोन्ही टोके धातूने जोडली गेली, तर साठविलेली सारी ऊर्जा उष्णता होऊन क्षणात बाहेर पडते. उष्णतेने रासायनिक क्रिया वाढते आणि त्या क्रियेतून आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र एकदा सुरू झाले की कोणत्याही बटणाने थांबत नाही. सेलमधून धूर, विषारी वायू आणि ज्वाळा बाहेर पडतात.

चांगल्या मोबाइलमध्ये किंवा पॉवर बँकेत हे चक्र सुरू होऊ नये म्हणून एक संरक्षक सर्किट असते. विद्युतप्रवाह मर्यादेबाहेर गेला, चार्जिंग पूर्ण झाले किंवा बॅटरी तापली, की ते सर्किट प्रवाह तोडते. व्हेपच्या ‘मेकॅनिकल’ म्हणविल्या जाणाऱ्या प्रकारात हा पहारेकरीच नसतो. धातूची एक नळी, आत एक सेल, खाली बटण आणि वर तापणारी तार, एवढेच ते उपकरण. बटण दाबले की सेलची पूर्ण शक्ती थेट तारेत उतरते. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट असतो. तारेचा रोध ०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि ०.१ ओहम असेल तर ४२ अँपिअर. लॅपटॉपसाठी बनविलेल्या बहुतेक साध्या सेलना ५ ते १० अँपिअरच्या पुढे सतत ताण सोसत नाही. बटण खिशात नकळत दाबले गेले, तर ते दाबलेलेच राहते. नळी बंद असल्यामुळे आतील वायूला वाट मिळाली नाही, तर नळीचाच स्फोटक गोळा होतो.

हे केवळ तर्काने सांगितलेले भय नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातील इलेक्ट्रॉनिक सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा १९५ घटना आढळल्या. त्यांपैकी ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा सेल खिशात होता, ६० घटनांत ते वापरात होते आणि ४८ घटनांत चार्जिंग सुरू होते. खिशात निमूटपणे पडून असलेली वस्तू वापरातील वस्तूइतकीच घातक ठरली, ही त्यातील लक्षात घेण्याजोगी बाब. पुढे मे २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अशा स्फोटाने प्रत्येकी एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

महाराष्ट्रातील उदाहरण अधिक जवळचे आणि अधिक हृदयद्रावक आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे एका घरात ई-स्कूटरची बॅटरी काढून रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला ७ वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि उपचार सुरू असताना दगावला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाशिक येथे कंटेनरमध्ये भरलेल्या ई-स्कूटरपैकी २० गाड्या पेटल्या, तेव्हा सुदैवाने जीवितहानी झाली नाही. देशभरातील अशा घटनांनंतर केंद्र सरकारने विजेवरील वाहनांच्या बॅटरीची मानके कडक केली आणि ती डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाली. मानके कारखान्यात पाळली जातात. घरात बॅटरी कोठे ठेवावी, हे मात्र घरच्यांनीच ठरवायचे असते. वसईची घटना सांगते ती गोष्ट साधी आहे : माणसे झोपतात त्या खोलीत आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर मोठी बॅटरी चार्ज करू नये, आणि सारे झोपेत असताना तर मुळीच करू नये.

व्यापारी घराण्यांसाठी या विषयाला कायद्याची बाजूही आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर भारतात १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेशाने बंदी आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सर्व गोष्टी त्याने निषिद्ध केल्या. निकोटीन नसलेले उपकरण, ई-हुक्का आणि उपकरणाचा सुटा भागही या बंदीतून सुटत नाही. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा गुन्हा घडल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५ लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. जागेच्या मालकाने किंवा वापरकर्त्याने जाणूनबुजून साठा ठेवू दिला, तर ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गोदाम किंवा दुकानाचा गाळा भाड्याने देणाऱ्यांनी ही तरतूद विशेष ध्यानात ठेवावी. भाडेकरूच्या खोक्यांत काय आहे याची चौकशी करणे हा संशयखोरपणा नव्हे. परदेशातून परतणाऱ्या नातलगाने भेट म्हणून असे उपकरण आणले, तर तीही आयातच ठरते, हे घरातील तरुणांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

तथापि कायद्याने वस्तू निषिद्ध झाली म्हणजे ती नाहीशी झाली असे होत नाही. ती फक्त लपते, आणि लपलेली बॅटरी उघड्या बॅटरीपेक्षा अधिक धोकादायक असते. घरच्यांच्या नकळत वस्तू बाळगणारा मुलगा ती उशीखाली, कपड्यांच्या कपाटात किंवा दप्तराच्या तळाशी ठेवतो. रात्री पांघरुणाखाली चार्ज करतो. सेलचे वेष्टन फाटले किंवा नळी तापू लागली, तरी तो कोणाला विचारू शकत नाही, कारण विचारणे म्हणजे कबुली देणे. म्हणून वडीलधाऱ्यांनी पहिल्या शब्दातच रागाचे दार उघडू नये. वस्तू आधी सुरक्षितपणे घराबाहेर जावी आणि व्यसनाविषयीचे बोलणे त्यानंतर शांतपणे व्हावे, हा क्रम हिताचा आहे. जी गोष्ट सांगितली तर घरात केवळ शिक्षाच मिळते, ती गोष्ट मुले सांगेनाशी होतात.

सुट्या सेलचा प्रश्न व्हेपपुरता मर्यादित नाही. १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा, बाजारात ‘१८६५०’ या नावाने ओळखला जाणारा सेल टॉर्च, स्पीकर आणि पंख्यांतही असतो. त्याचे वरचे बटण तेवढे धन टोक असते. बाकीचे संपूर्ण धातूचे अंग हे ऋण टोक असते, आणि दोहोंमध्ये आड असते ते केवळ पातळ प्लास्टिकचे वेष्टन. ते वरच्या कडेला किंचित जरी फाटले, तरी किल्ली, नाणे किंवा चांदीची साखळी दोन्ही टोके जोडू शकते. सराफीच्या दुकानात काम करणाऱ्याच्या खिशात किंवा बटव्यात सेल आणि दागिना एकत्र असणे अगदी शक्य आहे. सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत, प्रत्येक सेलला स्वतंत्र खण असेल अशा रीतीने ठेवावा. डबी नसेल तर दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. वेष्टन फाटलेला, फुगलेला, गळणारा किंवा जोरात पडलेला सेल पुन्हा वापरू नये.

इलेक्ट्रॉनिक माल विकणाऱ्यांनी खरेदी करतानाच पारख करावी. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असते. ज्याच्यावर ९,९०० असा आकडा छापलेला दिसेल, तो सेल खोटा आहे हे निःशंक समजावे. पॉवर बँक आणि लिथियम सेल यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी अनिवार्य आहे. वस्तूवरील ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो. दोन पैसे स्वस्त मिळालेला माल ग्राहकाच्या घरात पेटला, तर पिढ्यांनी कमावलेली पत त्यासोबत जळते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि उन्हात काचा लावून उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील तापमान त्याहून बरेच वर जाते. मुक्तागिरीच्या दर्शनाला किंवा चिखलदऱ्याला गेलेली कुटुंबे गाडी उन्हात लावून वर जातात आणि पॉवर बँक समोरच्या फळीवर तशीच राहते. ती सोबत घ्यावी किंवा घरीच ठेवावी. धर्मशाळेत अनेक यात्रेकरू एकाच बोर्डावर एकावर एक प्लग लावून अंथरुणाजवळ मोबाइल चार्ज करतात. त्याऐवजी व्यवस्थापनाने अंथरुणे आणि पडदे यांपासून दूर, फरशीवर किंवा दगडी कट्ट्यावर चार्जिंगची एक जागा नेमून दिली, तर अनेकांची काळजी मिटेल. ई-स्कूटर उन्हातून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नये. बॅटरी थंड होऊ द्यावी. चार्जर मूळ कंपनीचाच वापरावा.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आहे. त्यामुळे विमानाचे नियमही आता या भागातील कुटुंबांच्या नित्याच्या उपयोगाचे झाले आहेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात न्याव्यात. सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत त्या ठेवण्यास मनाई आहे. कारण सरळ आहे. प्रवाशांच्या कक्षात आग लागली तर ती दिसते आणि विझविता येते. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, आणि १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची परवानगी लागते. हिशोब सोपा आहे : अँपिअर-तासांना ३.७ ने गुणावे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची होते, म्हणजे मर्यादेत बसते.

इतके करूनही एखादे उपकरण फुगू लागले, गोडसर रासायनिक वास आला किंवा फुसफुस असा आवाज झाला, तर प्रथम माणसांना, विशेषतः मुलांना, दूर करावे. चार्जिंग सुरू असेल आणि सुरक्षितपणे शक्य असेल, तर मुख्य खटका बंद करावा. वीज तोडलेल्या लहान उपकरणावर भरपूर पाणी ओतणे योग्य असते, कारण येथे ज्वाळा विझविण्याइतकेच सेल थंड करणे महत्त्वाचे आहे. अन्यथा विझलेला सेल पुन्हा पेटतो. स्कूटरची मोठी बॅटरी पेटली तर मात्र विझविण्याच्या भानगडीत न पडता घर रिकामे करावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. धूर विषारी असतो, त्यामुळे वस्तू वाचविण्यासाठी कोणीही आत परतू नये. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे थंड वाहते पाणी घ्यावे. हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. डॉक्टरांना ही भाजणी बॅटरीची आहे, हे आवर्जून सांगावे.

निकामी बॅटरी कचऱ्यात टाकणे हाही धोकाच आहे. कचरा उचलणाऱ्या गाडीत ती दाबली गेली की पेट घेऊ शकते, आणि ते भोगावे लागते सफाई कामगारांना. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदारांनी टोकांना चिकटपट्टी लावून त्या जमा करण्याची सोय केली, तर ग्राहकही आनंदाने आणून देतील.

जैन घरांत ‘यत्नाचार’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. पाणी गाळताना, दिवा लावताना, पाऊल टाकताना जी सावधानता अपेक्षित असते, तीच या नव्या वस्तूंबाबत पाळावयाची आहे. येत्या रविवारी घरातील आणि दुकानातील प्रत्येक खण उघडून जुने मोबाइल, फुगलेल्या पॉवर बँका आणि सुटे सेल एकत्र करावेत. मुलांनाही या कामात सोबत घ्यावे. त्या निमित्ताने एखाद्याने दप्तराच्या तळातून काही काढून पुढे ठेवले, तर ते शांतपणे हाती घ्यावे.