हलका हात, स्थिर मान

मैत्रिणींनो, ७ ऑगस्ट २०२१ ची शनिवारची पहाट आठवते? टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक खेळत होती आणि ज्या घरांत कधी गोल्फचं नावही निघालं नव्हतं, ती घरं टीव्हीपुढे बसली होती. ‘पार म्हणजे काय गं?’, ‘बर्डी कशाला म्हणतात?’ असं एकमेकींना विचारत. बंगळूरची ही तेवीस वर्षांची मुलगी चौथी आली. कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकलं. त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं, पेढे वाटले गेले आणि अदितीचा चौथा क्रमांक मागे पडला.

माझ्या मनात मात्र एक गोष्ट राहून गेली. लांब फटक्यांत अदिती बहुतेक स्पर्धकांच्या मागे होती. ती टिकून राहिली ती होलजवळच्या नाजूक खेळावर, म्हणजे पटिंगवर. आणि तिची बॅग खांद्यावर घेऊन शेजारी चालत होती तिची आई!

गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवतात टोपीवाले साहेब, मोठ्या गाड्या आणि कुंपणापलीकडची हिरवळ. ‘आपल्यासारख्यांचा नव्हे तो खेळ,’ म्हणून आपण पुढे जातो. पण खेळाचा हिशोब जरा बघा. अठरा होलच्या मैदानावर साधारण ७२ फटके ‘पार’ धरलेले असतात. त्यात प्रत्येक होलला दोन, म्हणजे तब्बल ३६ फटके हिरवळीवरच्या पटिंगचे गृहीत धरलेले असतात. निम्मा खेळ! अडीचशे यार्डांचा दणदणीत टोला आणि एक फुटावरून हलकेच ढकललेला चेंडू, दोन्हींची किंमत सारखीच, एक फटका. ताकदीला इथे निम्म्याहून जास्त मान नाही. उरलेला मान हाताच्या सफाईला आणि मनाच्या शांतपणाला आहे. आणि त्या दोन्ही गोष्टी काही बायकांना नव्याने शिकवाव्या लागत नाहीत, हो ना?

सुरुवात होते ग्रिपपासून. उजव्या हाताने खेळणारीचा डावा हात वर आणि उजवा त्याच्या खाली. काठी तळव्यात नव्हे, बोटांच्या मुळाशी धरायची. वरून पाहिलं तर डाव्या हाताची दोन पेरं दिसावीत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जो ‘व्ही’ तयार होतो, त्याचं टोक उजव्या खांद्याकडे असावं. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेकवली तर ती ‘वार्डन ग्रिप’. ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकणाऱ्या हॅरी वार्डनमुळे तिला हे नाव पडलं. बोटं आखूड असतील तर करंगळी डाव्या तर्जनीत अडकवायची. जॅक निकलस आणि टायगर वूड्स हेही असंच धरत आले. बोटांचे सांधे दुखत असतील किंवा मूल लहान असेल, तर दहाही बोटं काठीवर ठेवली तरी चालतात.

आता दाब किती द्यायचा? ओला टॉवेल पिळतो तसा तर मुळीच नाही. लाटणं आठवा. घट्ट दाबलं की पोळी फाटते, हात हलका राहिला की ती आपोआप गोल फिरते. इथेही तसंच आहे. मूठ आवळली की मनगट ताठतं, खांदे ताठतात आणि चेंडू भलतीकडे जातो.

पटिंगची ग्रिप वेगळी. इथे पटरचा दांडा तळव्यातून जाऊ द्यायचा, म्हणजे मनगटं गप्प राहतात. डोळे बरोबर चेंडूच्या वर. हलायचे ते फक्त खांदे, घड्याळाच्या लंबकासारखे. मागे जेवढे तेवढेच पुढे. मान वर करायची नाही. चेंडू होलमध्ये पडला की नाही ते कानांनी ऐकायचं, डोळ्यांनी शोधायचं नाही. होल सव्वाचार इंचांचा, म्हणजे जेमतेम अडीच चेंडू मावतील एवढा रुंद. लांबच्या पटला नवशिक्या दिशेची काळजी करत बसतात, पण चेंडू चुकतो तो बहुधा अंतरात. एकतर अलीकडे थांबतो, नाहीतर पार पुढे जातो. म्हणून आधी अंतराचा अंदाज बसवायचा. घरी सतरंजीवर स्टीलचा पेला आडवा ठेवा आणि तीन फुटांवरून रोज वीस वेळा ढकला. महिन्याभरात हाताला वळण लागतं.

हे सगळं सांगण्यामागे माझं एक कारण आहे. आमच्या शहरातल्या एका गोल्फ मैदानाच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीत माझं बचतगटाचं काम चालतं. तिथले मुलगे पंधरा-सोळा वर्षांचे झाले की कॅडी म्हणून आत जातात. साहेबांच्या बॅगा उचलता उचलता, नुसतं बघून खेळ उचलतात. त्यात नवल नाही. दिल्लीच्या अली शेरने असंच कॅडी म्हणून मैदानात पाऊल ठेवलं आणि १९९१ व १९९३ मध्ये इंडियन ओपन जिंकलं. पण या मुलांच्या बहिणी? त्या त्याच बंगल्यांत धुणीभांडी करतात. वस्तीतली एक चौदा वर्षांची मुलगी मला म्हणाली, ‘ताई, दादाने शिकवलंय मला,’ आणि झाडूचा दांडा हातात घेऊन तिने अचूक ग्रिप धरून दाखवली. त्या मैदानाच्या व्यवस्थापकांना विचारलं तर उत्तर मिळालं, ‘मुलींची इथे सोय नाही.’

‘सोय नाही’ हे शब्द या खेळात फार जुने आहेत. १७५४ साली स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूजच्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ मध्ये! अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलने २०१२ मध्ये. स्कॉटलंडच्या म्युरफील्डने तर २०१६ च्या मतदानात नकारच दिला, आणि २०१७ मध्ये पुन्हा मतदान घेऊन दार उघडलं. आणि गंमत बघा, १९०० साली पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये बायका गोल्फ खेळल्या होत्या. जिंकली ती मार्गारेट अ‍ॅबट, जन्म कोलकात्याचा. तिची आई मेरीही त्याच स्पर्धेत खेळली. मार्गारेट १९५५ मध्ये वारली, पण आपण ऑलिम्पिक विजेती आहोत हे तिला कधी कळलंच नाही. पुढे ऑलिम्पिकमध्ये बायकांचं गोल्फ परतलं ते थेट २०१६ मध्ये, रिओला.

म्हणजे दार उघडायला शंभरावर वर्षं लागू शकतात. आपल्या मुलींकडे तेवढा वेळ नाही. पंधराव्या वर्षी ज्या हाताला वळण लागेल, तो हात विसाव्या वर्षी सासरच्या चुलीपाशी असेल.

आणि मागणं तरी केवढं? सगळं मैदान नको. सरावाची हिरवळ आठवड्यातून एक सकाळ मोकळी करा, दहा जुने पटर द्या आणि शिकवायला एखादा जाणता कॅडीदादा. एक स्वच्छतागृह मुलींना वापरू द्या. क्लबात जाणाऱ्या माझ्या वाचक भगिनींनो, तुमच्याकडे कपाटामागे पडलेला एखादा पटर असेलच. तो बाहेर काढा आणि पुढच्या सभेत हा विषय मांडा. उत्तर ‘बघू’ असं आलं, तर पुढच्या महिन्यात पुन्हा मांडा. मूठ आवळू नका, पण काठी सोडूही नका.