बिनकामाच्या गोष्टी

गेल्या आठवड्यात वर्गात जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवीत होतो. गौहरजानचे गाणे संपता संपता ती खणखणीत इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते, त्यावर मुले हसली. एका मुलीने विचारले, गाणे झाल्यावर नाव कशाला सांगायचे? मग आम्ही सांगू लागलो. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला एका हॉटेलच्या खोलीत हे ध्वनिमुद्रण झाले. त्याच्या तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला छापावयाच्या होत्या. तिथल्या कारागिरांना ना भाषा ठाऊक, ना गाणारीण. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवायचे हे त्यांना कळावे, म्हणून शेवटी ही हाळी. इतक्यात मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, हे परीक्षेला आहे का?"

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. त्या मुलाची परीक्षा तोंडावर आली आहे आणि त्याला रागांची तुलना पाठ करावयाची आहे. आम्ही नाही म्हटले. त्याने निमूटपणे वहीचे पान उलटले.

खरे सांगायचे तर अशा माहितीचा उपयोग काहीच नाही. तिने कुणाचा कोमल रिषभ जागेवर येत नाही, की ताल सुटलेला सावरत नाही. तरीही आमच्या घरी तालमीत ती भरपूर असे. बडोदे संस्थान १९४९ साली विलीन झाले तेव्हा वडील विशीतले दरबारी गवई होते. आम्ही त्यांचे उतारवयातले अपत्य. त्यामुळे दरबार आम्ही पाहिला नाही, फक्त ऐकला. आणि ऐकला तो बहुधा तंबोरा लावताना. तार उतरली की तालीम थांबे, खुंटी पिळता पिळता वडील काहीतरी विलक्षण सांगत, आणि जवारी लागली की गोष्ट अर्धी टाकून षड्ज धरीत. उरलेली गोष्ट ऐकण्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर हजर असू! हल्ली तंबोऱ्याचे काम विजेची पेटी करते. तिला खुंट्या पिळाव्या लागत नाहीत, त्यामुळे गोष्टींनाही जागा उरलेली नाही.

त्या गोष्टींतली एक लाखेची. जुन्या तबकड्या म्हणजे दगडाची भुकटी आणि काजळी, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारी लाख. ही लाख पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या फांद्यांवर बारीकसा किडा तयार करतो; आपल्या आज्या जिच्या बांगड्या भरीत तीच ही. जगाची बहुतेक लाख त्या काळी हिंदुस्थानातूनच जाई. म्हणजे गळा इकडचा, लाख इकडची. दोघांनी समुद्र ओलांडला, हॅनोव्हरला त्यांची गाठ पडली, आणि तबकडी होऊन ती बोटीने परत आली. आम्हांला हे कळले त्या दिवसापासून जुन्या तबकडीची खरखर दोष वाटेनाशी झाली. गाणे तेच होते, पण आम्ही कान देऊन पुन्हा ऐकले.

आपल्या गावापुरते पाहावे तर सूरसागराकाठच्या गायनशाळेचेच घ्या. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली मौलाबक्षांनी ती १८८६ साली सुरू केली, एवढे प्रश्नपत्रिकेला पुरते. पण याच मौलाबक्षांची पणती नूर इनायत खान दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या गुप्त खात्याची बिनतारी यंत्र चालविणारी म्हणून १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातील फ्रान्समध्ये उतरली, पकडली गेली, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउच्या छावणीत मारली गेली. त्यापूर्वी ती पॅरिसला संगीत शिकली होती आणि मुलांसाठी जातककथा इंग्रजीत लिहून गेली होती. सूरसागरावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांस हे ठाऊक असेल? नसले म्हणून कुणाचे काही अडत नाही, हेही खरे. हिराबाई बडोदेकरांचे तसेच. आडनाव आपल्या गावाचे, जन्म मात्र १९०५ साली मिरजेचा. बडोद्याच्या त्यांच्या मातोश्री, ताराबाई माने.

या छंदात एक धोका आहे, आणि आम्हीही त्यातून सुटलेलो नाही. चमत्कारिक गोष्ट सांगण्याच्या भरात खरेखोटे मिसळते. गौहरजानची तबकडी ही हिंदुस्थानात मुद्रित झालेली पहिली, असे आम्ही कित्येक वर्षे छातीठोकपणे सांगत होतो. वास्तविक त्याच मुक्कामात तिच्याआधी तीन दिवस कलकत्त्याच्या रंगभूमीवरील शशिमुखी आणि फणिबाला या दोन मुलींचे आवाज घेतले गेले होते. त्यांची नावे कुणी घेत नाही. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही समजूतही अशीच. पाला गवई श्रद्धेने खात आले, ही माहिती. त्याने गळा सुधारतो, ही कल्पना. गंमत अशी की तेच गवई एरवी शिष्याला चिंचेच्या आंबटाला हात लावू देत नाहीत!

तबकडीवरच्या कुत्र्याची कथा मात्र पक्की आहे. त्याचे नाव निपर. तो १८९५ सालीच मेला. त्याच्या धन्याच्या भावाने, फ्रान्सिस बॅरॉ या चित्रकाराने, मागाहून आठवणीने त्याला रंगविला. कुत्रा कान देऊन ऐकत होता ते यंत्रही आधी एडिसनच्या धर्तीचे, नळकांड्यावर वाजणारे होते. ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याची तयारी दाखविली तेव्हा, १८९९ साली, बॅरॉने जुन्या यंत्रावर रंग चढवून त्या जागी कंपनीचे तबकडीचे यंत्र काढले. मूळ चित्राच्या रंगाखाली ते पहिले यंत्र अजून पुसटसे दिसते.

हे आम्ही परवा वर्गात सांगितले. पुन्हा वेळ मोडला, पण इलाज नाही. वर्ग सुटल्यावर ती नावाबद्दल विचारणारी मुलगी थांबली. त्यांच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर पणजोबांची लाकडी पेटी होती, तबकड्यांनी भरलेली. वाडा विकला तेव्हा ती पेटीही वजनावर भंगारवाल्याला दिली. कोणाच्या तबकड्या होत्या, असे आम्ही विचारले. घरात कुणालाच सांगता येत नाही, म्हणाली. वर कुत्रा होता, एवढे तिला आठवते.