योजनेची बातमी आणि शेतकऱ्याचे उत्तर

शासनाची एखादी योजना जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत तिची बातमी ठळक अक्षरांत येते. मंजूर रकमेचा आकडा मथळ्यात असतो आणि लाभधारकांची संख्या पहिल्याच परिच्छेदात असते. गावात ती बातमी वाचली जाते तेव्हा मात्र बहुधा एकच उत्तर ऐकू येते : कागदावर आले खरे, पदरात पडेल तेव्हा म्हणू. हे उत्तर म्हणजे अज्ञान किंवा उदासीनता होय, असा समज अनेक कार्यकर्ते करून घेतात. वस्तुतः ते अनुभवातून आलेले असते. विस्तारकार्य करणाराने त्याचा राग न मानता त्यात दडलेली माहिती उचलून घेतली पाहिजे.

घोषणा आणि नियम ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. घोषणेत किती कोटी हे असते. नियमात कोणाला, केव्हा, कोणत्या अटीवर आणि कोणत्या कागदाच्या आधारे हे असते. शेतकऱ्याचा हंगाम नियमावर अवलंबून असतो. बातमी मात्र बहुतेक वेळा घोषणेपाशीच थांबते. शेतकऱ्याचा अविश्वास ह्या दोहोंमधील अंतरातून जन्म घेतो.

पीकविम्याचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरीप हंगामापासून सुरू झाली. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपास विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीस दीड टक्का आणि नगदी पिकांस ५ टक्के असा ठरविण्यात आला. ही माहिती सर्वत्र पोहोचली. परंतु गारपीट झाली किंवा शेतात पाणी साचून पीक गेले, तर ७२ तासांच्या आत सूचना दिली पाहिजे, ही अट कित्येकांना नुकसान झाल्यावरच कळली. ज्याच्या बांधावरून पाणी वाहत होते त्याने आधी जनावरे सोडविली, मग घर सावरले, आणि तोपर्यंत मुदत निघून गेली. अशा शेतकऱ्यास पुढील वर्षी योजनेची बातमी वाचून दाखविली, तर त्याने मान फिरविल्यास नवल नाही.

दुसरी अडचण ह्याहूनही मोठी आहे. विम्याची भरपाई मुख्यत्वे एका शेताच्या उत्पन्नावर ठरत नाही; ती महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. मागील सात वर्षांतील सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या सरासरी उत्पन्नास जोखीमस्तराने गुणिले म्हणजे उंबरठा उत्पन्न निघते. समजा, ही सरासरी हेक्टरी १० क्विंटल आहे आणि जोखीमस्तर ७० टक्के आहे. तर उंबरठा ७ क्विंटल झाला. पीककापणी प्रयोगांत मंडळाची सरासरी ७ क्विंटल किंवा त्याहून अधिक निघाली, तर ज्याच्या शेतात दाणाही आला नाही त्यालासुद्धा ह्या हिशेबाने काही मिळत नाही. ओढ्यापलीकडील गाव दुसऱ्या मंडळात असेल आणि तेथील सरासरी उंबरठ्याखाली गेली असेल, तर तेथे मात्र रक्कम जमा होते. जिल्ह्यास अमुक कोटी मंजूर, एवढीच बातमी वाचणाऱ्याला हा भेद कळत नाही. त्याला दिसतो तो केवळ अन्याय. हिशेब समजाविला असता तर तो कदाचित ह्या पद्धतीवरच आक्षेप घेता, आणि तो आक्षेप विचारात घेण्याजोगा ठरता.

२०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात केवळ एक रुपया भरून विमा उतरविण्याची सोय झाली, आणि २०२५ च्या खरिपात ती बंद होऊन शेतकऱ्याचा हिस्सा पूर्ववत झाला. ह्या बदलाची चर्चा झाली ती मुख्यतः रुपयाविषयी. परंतु त्याच वेळी राज्याने स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती व काढणीनंतरचे नुकसान ह्यांचे संरक्षण वगळून भरपाई केवळ मंडळाच्या उत्पन्नावर आधारिली होती. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल रुपयाहून कितीतरी महत्त्वाचा होता. त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार केला, तेव्हा ज्यांना ही गोष्ट आधी ठाऊक नव्हती त्यांची निराशा दुप्पट झाली.

एक रुपयाच्या काळात बोगस अर्जांची प्रकरणे उघडकीस आली. शासकीय जमिनीवर व दुसऱ्याच्या नावावरील क्षेत्रावरही विमा उतरविल्याचे आढळले. त्या बातम्यांनी कष्टाळू शेतकरी दुखावला, कारण काही मथळ्यांतून सारा शेतकरीवर्गच लबाड असल्याचा भास होई. अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकास प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळत असत, म्हणजे अर्जांची संख्या वाढण्यात केवळ शेतकऱ्याचाच लाभ नव्हता, ही बाब तितक्या ठळकपणे पुढे आली नाही. गैरप्रकार उघड करणे हे वर्तमानपत्राचे कर्तव्यच आहे. तथापि दोष कोणाचा हे नेमके सांगणे हाही त्याच कर्तव्याचा भाग आहे.

हमीभावाचीही गोष्ट अशीच आहे. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला. खरेदीसाठी १२ टक्क्यांहून अधिक ओलावा चालणार नाही, ही अट मात्र आकड्याच्या मागे राहिली. परतीच्या पावसात भिजलेला माल केंद्रावर नेणाऱ्यास ती तेथे कळली. तक्रारी होत राहिल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. तोवर दिवाळी उलटून गेली होती आणि गरजेपोटी अनेकांनी मिळेल त्या भावाने माल विकून टाकिला होता. ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. शेतकऱ्याची तक्रार योग्य ठिकाणी पोहोचली तर नियम बदलू शकतो. आणि ती वेळेवर पोहोचली नाही तर बदललेल्या नियमाचाही पुरेसा उपयोग होत नाही.

महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांना ह्या बाबतीत जुना वारसा आहे. १८७७ साली निघालेले ‘दीनबंधु’ हे शेतकरी व कष्टकरी ह्यांची बाजू मांडणारे पत्र होते. तरीही महात्मा फुले ह्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चा आरंभीचा भाग छापून पुढील भाग छापण्याचे त्याने टाळिले, आपल्यांच्या पत्रातही कटु सत्यास नेहमी जागा मिळतेच असे नाही, ह्याची ही साक्ष होय. उलट १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’ने फॅमिन कोडातील तरतुदी लोकांना समजावून सांगितल्या. कायद्याने काय मिळावयास हवे हे रयतेला कळले, तेव्हा सरकारदरबारी सारासुटीची मागणी करण्याचे बळ तिला आले. नियम समजावून देणारी बातमी शेतकऱ्याला याचक न ठेवता हक्कदार बनविते, हा त्या प्रसंगाचा धडा आजही तितकाच उपयोगी आहे.

ग्रामकार्यकर्त्याने वर्तमानपत्रातील कात्रण फलकावर लावून थांबू नये. योजना कोणत्या पिकास व कोणत्या हंगामास लागू आहे, शेवटची तारीख कोणती, कोणते कागद लागतात, कोणत्या कारणाने अर्ज नाकारला जातो आणि नाकारल्यास दाद कोठे मागावयाची, ह्या पाच प्रश्नांची उत्तरे त्या हंगामाच्या शासननिर्णयातून काढून त्याच कात्रणाखाली लिहावीत. मागील वर्षाचा नियम ह्या वर्षी असेलच असे धरून चालू नये. जेथे उत्तर ठाऊक नसेल तेथे विचारून सांगतो असे म्हणावे आणि खरोखर विचारून सांगावे. नको ती आशा दाखवून गावाचा रोष पत्करण्यापेक्षा अट आधीच स्पष्ट करणे केव्हाही हिताचे असते.

ह्याच्या जोडीने उलट दिशेचे कामही त्याने केले पाहिजे. गावकरी जे बोलतात ते पारावरच विरून जाते. वरिष्ठांकडे जाणाऱ्या अहवालात किती अर्ज भरले हे असते. किती अर्ज का फेटाळले गेले आणि लोकांचे त्यावर काय म्हणणे आहे, हे क्वचितच असते. शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वर पाठविणे हेही विस्तारकार्यच आहे.

शेतकरी बंधूंनीही केवळ चिडून स्वस्थ बसणे हिताचे नाही. सूचना किंवा तक्रार लेखी द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. पीककापणी प्रयोग कोणत्या शेतात व कोणत्या दिवशी आहे हे विचारून गावातील जाणत्या मंडळींनी तेथे उपस्थित राहावे. मंडळाचे उंबरठा उत्पन्न व प्रत्यक्ष सरासरी किती धरिली, हे २००५ च्या माहितीच्या अधिकार कायद्यान्वये मागता येते. बातमी चुकीची किंवा अपुरी वाटली तर संपादकास पत्र लिहावे. दहा गावांतून एकाच अटीविषयी दहा पत्रे आली, तर ती अट बातमीत येण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

योजनेचे यश किती रक्कम मंजूर झाली यावरून ठरत नाही. ज्याच्यासाठी ती आखिली त्याला तिचे नियम पेरणीपूर्वी कळले की नुकसान झाल्यावर कळले, ही तिची खरी कसोटी होय. पुढील हंगामाची बातमी गावात येईल तेव्हा तिच्याखाली अटी लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या लिहिण्याचा भार ग्रामकार्यकर्त्याने आपण होऊन उचलावा.