कुलूप कोणी लावायचे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत ५६ जणांचे बळी घेणारे बाँबस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी त्यांची जबाबदारी घेणारा ई-मेल प्रसारमाध्यमांकडे पोहोचला. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत लागला. तेथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या बिनतारी जोडणीला कुलूपच नव्हते. कोणा तिऱ्हाइताने तिचा वापर करून घेतला होता. पुढे २३ ऑगस्टला माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाची आणि १३ सप्टेंबरला चेंबूरमधील एका खाजगी कंपनीची जोडणी अशाच कामी वापरली गेली.

सानपाड्याचा तो गृहस्थ चौकशी चालू असताना देशाबाहेर जाऊ शकला. कटाशी त्याचा संबंध नसल्याचे कालांतराने निष्पन्न झाले. परंतु त्याच लोहमार्गावर चार स्थानके पलीकडे रबाळे आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या कामगाराच्या खोलीपर्यंत असा माग लागला असता, तर काय झाले असते? त्याच्यापाशी ना वकील, ना दूतावास. निर्दोष ठरेपर्यंत त्याची रोजी गेली असती आणि वस्तीत मान वर करून चालणेही त्याला अवघड झाले असते. सुरक्षिततेचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नव्हे, तो वर्गीय प्रश्न आहे, तो याच अर्थाने.

या घटनांनंतर शासन जागे झाले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांची पथके उघड्या जोडण्या हुडकत फिरू लागली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांना आदेश दिले, परंतु व्यवहारात बोजा ग्राहकावरच राहिला. वस्तुतः 'डब्ल्यूईपी' ही जुनी संकेतपद्धती फोडता येते हे २००१ सालीच सिद्ध झाले होते आणि तिच्याहून भक्कम अशी 'डब्ल्यूपीए-२' २००४ पासून उपलब्ध होती. तरीही पुढे कित्येक वर्षे उघडी किंवा तकलादू कुलपे घातलेली यंत्रे घरोघरी बसविली गेली. विजेचे मीटर बसविणाऱ्याने उघडी तार लोंबती ठेवली, तर शॉक लागलेल्या माणसाला कोणी दोषी धरीत नाही. मग येथेच निराळा न्याय का?

यावर एक आक्षेप घेतला जातो, तो असा की, एका जोडणीवर दहा खोल्यांनी काम चालविणे हाच मूळ दोष आहे. हा आक्षेप पोटभरल्यांचा होय. ज्यांना स्वतंत्र जोडणी परवडत नाही त्यांनी खर्च वाटून घेणे हे सहकार्यच आहे. त्यात दोष शोधण्याचे कारण नाही. मात्र 'डब्ल्यूपीए-२'मध्ये सर्वांचा पासवर्ड एकच असेल, तर तो जाणणारा शेजारी दुसऱ्याची वाहतूक टिपून उलगडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या 'डब्ल्यूपीए-३'ने ही उणीव बरीचशी भरून काढली. तेव्हा नवी पद्धती गरिबाच्या स्वस्त राउटरमध्येही असली पाहिजे आणि कंपनीच्या माणसाने ती चालू करूनच जोडणी ताब्यात दिली पाहिजे, अशी मागणी लावून धरणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. ज्याला महाग यंत्र परवडते त्याच्यापुरताच तो हक्क असू शकत नाही.

मागणी मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांना हात बांधून बसण्याचे कारण नाही. युनियनच्या कचेरीपासून आरंभ करावा. राउटरबरोबर आलेला व्यवस्थापनाचा पासवर्ड प्रथम बदलावा. जोडणीसाठी सहज न सुचणारे चार-पाच शब्दांचे लांब वाक्य ठेवावे. बटण दाबताच यंत्र जोडणारी 'डब्ल्यूपीएस' सोय बंद करावी. पाहुण्यांसाठी वेगळी जोडणी ठेवावी. यंत्राची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. हे काम अर्ध्या तासाचे आहे. रबाळ्याच्या वस्तीत खोलीखोलीतून ते शिकविणारे चार तरुण उभे राहिले, तर सभेतील दहा ठरावांहून ते अधिक मोलाचे ठरेल. मात्र हे शिकविताना कंपनीची जबाबदारी आपल्या खांद्यावर घेतली जाऊ नये, एवढे भान ठेवले पाहिजे.