पैसे मोजले, पण मालकी कोणाची?

जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील अनेक वाचकांच्या 'किंडल'वरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' या पुस्तकांच्या प्रती एकाएकी नाहीशा झाल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्कच नसल्याने अ‍ॅमेझॉनने त्या परस्पर काढून घेतल्या व पैसे परत केले. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढे माफीही मागितली. मात्र विकलेली वस्तू दुकानदार ग्राहकाच्या घरातून परत नेऊ शकतो, हे या प्रकाराने दाखवून दिले.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले, तेव्हा ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच.

याचे मूळ करारात आहे. पडद्यावर 'खरेदी करा' असे लिहिलेले असले, तरी ग्राहकाला मिळतो तो केवळ वापराचा परवाना. छापील पुस्तक वाचून झाल्यावर मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते. ई-पुस्तकाचे तसे नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये 'टॉम कॅबिनेट' प्रकरणात हाच भेद अधोरेखित केला. हक्कधारकाच्या परवानगीविना ई-पुस्तकांची फेरविक्री करता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

कॅलिफोर्नियाने यावर मर्यादित तोडगा काढला. १ जानेवारी २०२५ पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार, हाती येणारी गोष्ट परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्यांना 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. त्याने मालकी मिळत नाही. फसगत तेवढी टळते.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने माहितीचा हक्क दिला आहे. ऑनलाइन दिशाभुलीच्या १३ प्रकारांना नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली; मात्र परवान्याला 'खरेदी' म्हणण्याचा प्रकार त्यात स्वतंत्रपणे नमूद नाही. ती उणीव भरून काढणे फारसे अवघड नाही. शब्दांचा प्रामाणिकपणा ही पहिली पायरी झाली. दुकान बंद पडले तर ग्राहकाच्या हाती कायमची प्रत राहावी की केवळ परतावा, याचे उत्तरही कायद्याला कधीतरी द्यावेच लागेल. तोवर 'खरेदी करा'वर बोट ठेवण्यापूर्वी अटी वाचण्याची जबाबदारी ग्राहकाच्याच माथी राहणार.