खिडकीखालचे बाप

फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आली की आमच्या जालना जिल्ह्यात घरोघरी एकच चौकशी चालते, "सेंटर कसं आहे?" अभ्यास किती झाला, हे लेकराला कुणी विचारत नाही. सेंटर सैल असलं की घर निर्धास्त; कडक असलं की ओळखी काढायच्या. पेपरच्या दिवशी काका, मामा, थोरला भाऊ कंपाउंडला चिकटून उभे. गाईडाचं पान काडेपेटीएवढं करून आणलेली झेरॉक्स मुठीत, आणि नजर पथकाच्या जीपवर. भिंतीवर चढून खिडकीच्या गजातून चिठ्ठी आत सारणारा माणूस त्या पोराचा बाप असतो. पोराला कॉलेजात पाठवायची एवढीच तयारी त्याने केलेली असते.

हा गुन्हा आहे. १९८२ पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे. तरी २०२५ मध्ये दहावीच्या पहिल्याच दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या बदनापुरात मराठीच्या पेपरची उत्तरं झेरॉक्सच्या दुकानांत मिळाल्याच्या बातम्या राज्यभर गेल्या. पेपर फुटला की नाही, यावर वाद झाला. पण मायबोलीच्या पेपरला उत्तरं विकत घ्यायला माणसं रांगेत का लागतात, याची लाज कुणाला वाटली?

चिठ्ठी देणारा बाप पोराला न बोलता सांगत असतो की तुझ्याच्यानं हे होणार नाही. सतराव्या वर्षी घरच्याच माणसाकडून हे ऐकलेलं पोर पुढे कुठल्या बळावर उभं राहणार? जालन्यात २०१८ साली मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र आलं, २०२४ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं. दारात आलेल्या या शिक्षणाची वाट सीईटी-नीटसारख्या परीक्षांतून जाते. सीईटी कॉम्प्युटरवर होते, तिथे बापाला उभं राहायला खिडकी नाही. बोर्डाच्या टक्क्यांवर पेढे वाटले जातात आणि सीईटीचा निकाल घरात दडवला जातो. कसंबसं कॉलेज मिळालंच तर पहिल्या सत्रातच विषय राहतात आणि पोर गावी परततं. मग आपण म्हणतो, "शिकून कुणाचं भलं झालंय?"

अंगारकीला जालन्याहून रात्रभर पायी चालत आमच्या राजुरात राजुरेश्वराला येणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या श्रद्धेला माझा नमस्कार. पण एवढं चालणाऱ्या बापाला पोरासाठी तहसीलची वाट जड का जावी? जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, ही कामं प्रवेशाआधीच उरकायची असतात. जात पडताळणीला पूर्वजांचे जुने पुरावे लागतात. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा एका दिवसात सापडत नाही. हे काम बापाचं आहे. ते तो करत नाही, आणि प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी रडकुंडीला आलेली पोरं सेतू केंद्रापुढे ताटकळतात.

मुलींच्या बाबतीत तर आपण याहून निर्दय आहोत. तिची बारावी स्थळाच्या बायोडाट्यावर लिहायला हवी असते, म्हणून तिलाही चिठ्ठी पोचवली जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं, आणि आपला जिल्हा त्या सरासरीच्या वर होता. बारावीपर्यंत तिला एसटीचा पास फुकट आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. पैसा नाही, ही सबब उरली नाही. आता "गावात लोक काय म्हणतील" ही उरली आहे, आणि ते लोक आपणच आहोत.

१९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या मुलखातली, घरात अक्षर न शिरलेली पोरं तिथे शिकली. त्यांच्या बापांना वाचता येत नव्हतं, चिठ्ठी पुरवायची सोयच नव्हती; त्यांनी पोटाला चिमटा घेऊन पोराला शिकायला वेळ दिला. आज राजुरात शिकलेला, नोकरीतला, पुढारीपण करणारा बाप आहे. त्याने संध्याकाळी मोबाइल बाजूला ठेवून पोरीच्या शेजारी बसावं, तिला काय शिकायचंय ते विचारावं आणि तिचं बोलणं पुरतं होईपर्यंत मध्ये बोलू नये. पेपरच्या दिवशी तिला फाटकापाशी सोडावं आणि आपल्या कामाला लागावं.